वाघमारे आणि पडद्यावरची समई

जो माणूस टेबलफॅनलासुद्धा 'आवं' म्हणायचा, त्याला त्याच्याच गावात, शंभरेक माणसांच्या देखत, 'ए वाघमाऱ्या' अशी हाक ऐकून घ्यावी लागली, आणि ती माझ्यामुळं. हाक मी मारली नव्हती, आमच्या खातेप्रमुख माने साहेबांनी मारली होती. पण त्याआधी साहेबांनी माझ्याकडं वळून एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं होतं, "नाही साहेब, फक्त टायपिंग." चार शब्द. त्यातला 'साहेब' तेवढा खरा, बाकीचे तिन्ही खोटे.

नव्वद सालानंतरच्या चारपाच वर्षांतली गोष्ट आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ऊसविकास खात्यात नोकरीला होतो. शेतकऱ्यांनी आणलेली माती तपासायची, कुठल्या रानाला कुठलं खत ते सांगायचं, गावोगाव जीप घेऊन मेळावे घ्यायचे, हे आमचं काम. त्यासाठी लागणारी यंत्रं एका खोलीत असायची आणि त्या खोलीच्या किल्ल्या वाघमाऱ्यांकडं असायच्या. वीस वर्षं मिलिट्रीत वायरलेस सांभाळून आलेला माणूस. उंच, काटक, खाकी पँटला रोज इस्त्री. माणसांना सरसकट 'तू', मग तो सेक्शन हेड असो नाहीतर पाहुणा. यंत्रांना मात्र 'आवं-जावं'.

"त्यास्नी जरा गार हू द्या," सायक्लोस्टाईल मशीनवर हात ठेवून ते म्हणायचे, "चाळीस कागूद काढल्यात सकाळधरनं. तू काढशील का चाळीस?"

माने साहेबांशी बोलताना त्यांची पंचाईत व्हायची. 'तू' म्हणता येत नाही आणि 'तुम्ही' जिभेवर येत नाही. मग ते सर्वनामच गाळायचे. "सही हुयाला पायजे." "खुर्ची थोडी मागं गेली तर बरं." साहेबांना हे कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं मिलिट्रीतली माणसं असंच बोलत असतील.

एकदा मे महिन्यात त्यांनी पंख्याच्या वतीनं कारखान्याला अर्ज केला. मी तो स्वतः वाचलाय. 'सदर पंखा गेली तीन वर्षे एकही रजा न घेता कामावर हजर आहे. त्याचे बेअरिंग दुखत असून तो तक्रार करीत नाही. तरी त्यास दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी.' साहेबांनी हसत हसत त्यावर 'दप्तरी दाखल' असं लिहिलं. वाघमाऱ्यांनी त्याचा अर्थ रजा मंजूर असा घेतला. दोन दिवस पंखा कापडात गुंडाळून कपाटात झोपला आणि आख्खं खातं घामानं थबथबलं. तिसऱ्या दिवशी तेल पिऊन हजर झाला तो असा फिरला, की टेबलावरचे अर्ज थेट व्हरांड्यात.

अशा माणसाच्या ताब्यात लॅपटॉप आला.

तो आला कारखान्याच्या वरच्या मजल्यावरून. तिथल्या कुणीतरी पुण्याहून आणला, वापरला, कंटाळा आला, म्हणून आमच्याकडं ढकलला. आमच्या तालुक्यात तेव्हा लॅपटॉप पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. पडदा रंगीत होता, पण भारी मंद. पडद्यावरचा बाण जोरात हलवला की तो नाहीसाच व्हायचा आणि थांबला की दुसरीकडंच उगवायचा. मजकूर वर सरकवला तर जुन्या ओळींच्या सावल्या नव्या ओळींखाली रेंगाळत राहायच्या. तक्त्यात एखादा चौकोन काळा केला, तर त्याची करडी छाया पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत चढायची. आणि बाजूला बसून बघितलं तर रंग उलटे. हिरवा ऊस पांढराफटक आणि पांढरं आभाळ काळंकुट्ट.

"आळशी पडदा आहे," मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

वाघमारे उसळले. "आळशी? कुणाला आळशी म्हणतोस रं? बाण फुडं पळतोय आणि ह्यांची नजर मागनं येतीया. वय झालंय त्यांचं. तुझ्या आज्याला असंच म्हणतोस व्हय?"

त्यांनी टेबलाभोवती खडूनं रेघ मारली. रेघेच्या आत चहा नाही, विडी नाही, आणि भडंग तर अजिबात नाही. भडंगाचं तेलकट बोट पडद्याला लावणाऱ्या एका प्रगतिशील बागायतदाराला त्यांनी हाताला धरून नळापर्यंत नेलं होतं. बोट दाखवायचं असेल तर त्यासाठी वाळलेल्या उसाच्या तुऱ्याची काडी ठेवलेली असायची. मेळाव्यात शेतकऱ्यांना ते एकामागं एक, रांगेत, बरोबर पडद्यासमोर उभं करायचे. "एकानं बघायचं, सरकायचं. बाजूनं बघितलं तर ते उलटं सांगत्यात. त्यांचा दोष न्हाई, तुझी जागा चुकली." जुन्या साड्यांची एक लहानशी वाकळ स्वतः टाके घालून शिवली होती. काम झालं की लॅपटॉप तिच्यात.

आणि एक वही. तिच्यात ते रोज तब्येत लिहायचे. 'सकाळी नऊ. पडदा फिका. अर्ध्या तासाने गरम झाल्यावर सुधारणा.' श्रावणात पडद्यावर एक उभी निळी रेघ आली आणि जाईना. वाघमाऱ्यांनी पडद्याखालचे दोन स्क्रू काढले, आतली सैल झालेली पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. रेघ गेली. वहीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'परवानगी न घेता दोन स्क्रू काढले. रेघ गेली. चूक माझी, गुण त्यांचा.'

हेच वाक्य पुढं त्यांच्या गळ्यात पडलं.

आता माझ्यावर येतो. टाळून टाळून किती टाळणार.

आमच्या घरी नवरात्रात घट बसतात आणि घटापुढं नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा असतो. विझू द्यायचा नाही. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत नवे राहायला आलेलो. त्या क्वार्टरच्या खिडकीतून असा वारा यायचा की आधीची दोन वर्षं दिवा मध्येच विझला. माझी आई नवरात्रात कवठे महांकाळहून आमच्याकडं यायची. दोन्ही वेळा तिनं माझ्या बायकोला, शैलाला, नको नको ते ऐकवलं. त्या वर्षी शैलाला सातवा महिना होता. दिवा विझला तर आई काय बोलेल या धास्तीनं ती आठवडाभर आधीपासून जेवेना.

त्याच आठवड्यात माने साहेबांनी वार्षिक अहवाल टाइप करायला लॅपटॉप माझ्या घरी दिला. वाघमाऱ्यांनी वाकळीत गुंडाळून दिला. आणि मला अक्कल सुचली.

चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये मी तीन तास बसून एक समई काढली. पांढऱ्या पडद्यावर काळी ठसठशीत समई, वर पाच ज्योती. पडदा आपोआप बंद होऊ नये अशी व्यवस्था केली आणि लॅपटॉप घटाशेजारी ठेवला. खरी समई विझली तरी ही आहे! ऑफिसची वस्तू कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून खिडकीला चादर लावली. आईनं हात जोडले, बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं, "ह्याला तेल किती लागतं रं?"

नऊ दिवस तो बंद केला नाही. वीज गेली की बॅटरी संपायच्या आत यावी म्हणून मी खऱ्या देवीला नवस बोलायचो. शैला पोटभर जेवली. आई एक शब्द बोलली नाही. एवढं पुण्य माझ्या पदरात पडलं, आणि दसऱ्याला समई बंद केली, तर ती जाईना.

अहवाल उघडला तरी आकड्यांच्या मागं करड्या रंगाची उभी दांडी, खाली बैठक, वर पाच फाटे. बंद करून चालू केला. पुसून बघितला. समई आपली जागच्या जागी. मी तो वाकळीत गुंडाळून परत दिला आणि कुणाशी काही बोललो नाही. वाटलं, एकदोन दिवसांत जाईल.

तिसऱ्या दिवशी मेळावा होता. कुंडलच्या पलीकडं एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचंय ते त्या गावालाही आवडणार नाही. ते वाघमाऱ्यांचं गाव. चावडीसमोर मांडव, कर्णा, टेबलावर लॅपटॉप, पुढं शेतकऱ्यांची रांग. वाघमारे इस्त्रीच्या कपड्यांत, हातात तुऱ्याची काडी. आपल्या गावात आपल्या हातानं ही नवलाई दाखवायची म्हणून सकाळपासून खुशीत होते. त्यांनी पडदा उघडला.

"हा हापसा कुणाचा?" रांगेतला पहिला म्हणाला.

"हापसा कुठला, उसाचा कोंब हाय त्यो."

"आरं ताबूत हाय."

"मागच्या चेअरमनचं भूत आसंल. अजून खुर्ची सोडवंना त्याला."

मांडव खदखदून हसला. माने साहेब टेबलाशी आले, पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. मग माझ्याकडं वळले. "पवार, नवरात्रात तुमच्याकडे होता. काही केलं नाहीत ना?"

आणि मी ते चार शब्द बोललो.

साहेब वाघमाऱ्यांकडं वळले. समोर कर्ण्याचा माईक चालू होता. "ए वाघमाऱ्या! स्क्रू कुणी काढले होते? स्वतःच्या हातानं लिहिलंयस ना वहीत? कुणी सांगितलं होतं तुला आत हात घालायला?"

हे सगळं गावभर ऐकू गेलं. मला आजही संताप येतो. साहेबांचा येतो. निळी रेघ घालवणाऱ्या माणसालाच त्याची वही दाखवून गुन्हेगार ठरवायचं, हा कुठला न्याय? हसणाऱ्या मांडवाचा येतो. पण सगळ्यात जास्त येतो तो टेबलाच्या डाव्या बाजूला, हातात हजेरीचा कागद धरून उभ्या असलेल्या तीस वर्षांच्या मठ्ठ माणसाचा. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर माईक त्याच्या तोंडाशी आला असता. त्यानं पाऊल टाकलं नाही. त्याला त्या डिसेंबरात नोकरीत कायम करणार होते.

वाघमारे म्हणाले, "मी न्हाई केलं." एकदाच. मग लॅपटॉप मिटून त्यांनी वाकळीत गुंडाळला.

आठवडाभरात हुकूम निघाला. वाघमाऱ्यांची बदली फाटकावर, यंत्रखोलीचा चार्ज पवारांकडे. म्हणजे माझ्याकडं! मी हात पुढं केला आणि त्यांनी त्यावर किल्ल्या ठेवल्या. एकेका यंत्राची खोड समजावून सांगितली. पंख्याला कुठलं तेल, टाइपरायटरचं कुठलं अक्षर अडतं. लॅपटॉपपाशी आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले,

"रोज दोन तास कोरा पांढरा पडदा लावून ठिवायचा. उजेड कमी. बाकी काय दाखवायचं न्हाई. समई उतरंल हळूहळू."

सगळं गाव हापसा म्हणालं होतं, कोंब म्हणालं होतं, भूत म्हणालं होतं. हा माणूस समई म्हणाला. मी किल्ल्या खिशात घातल्या. ते निघून गेले.

पुढचे तीन महिने मी रोज दोन तास कोऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर बसत होतो. साक्षात शिक्षा. समोर काही नाही, फक्त माझ्या हातची समई, आणि ती रोज किंचित फिकी. आधी ज्योती गेल्या, मग दांडी. जानेवारीत बैठकीची एक पुसट कड तेवढी उरली. तोवर मी कायम झालो होतो. मुलगी झाली होती. माने साहेब खोलीत आले, पडदा बघितला आणि सगळ्यांना बोलावून म्हणाले, "बघा, वाघमाऱ्यानं घालवलेला पडदा पवारांनी आणला ठिकाणावर. याला म्हणतात निष्ठा." आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

त्या टाळ्या मला सोसवल्या नाहीत. दुपारी मी फाटकावर गेलो.

गाळपाचा हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. वाघमारे स्टुलावर बसले होते. एक ट्रॅक्टर पुढं आला तसे उठले, इंजिनाला कान लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ह्यास्नी दम लागलाय बघ. नोझल तपासून घे. मागं दोन दोन ट्रेलर लावतोस, लाज न्हाई वाटत?"

"बरं बरं, डाक्टर," ड्रायव्हर दात काढून म्हणाला आणि गेला. ऑफिसातलं कुणी तिकडं फिरकत नसे. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "कशी हाय त्यांची तब्येत?"

"कड राहिलीय फक्त," मी म्हणालो. आणि मग एका दमात सगळं सांगितलं. घट, वारा, शैला, आई, नऊ दिवस. "मला माफ करा," म्हणालो.

त्यांनी ऐकून घेतलं आणि मग भडकले. तीन महिन्यांचा राग एकदम आला. "हे मला कशाला सांगतोस? मला ठावं न्हाई व्हय? आमी बौद्ध, आमच्या घरात घट बसत न्हाईत, म्हणून काय समई वळखू येत न्हाई? गावात सगळ्यांच्या दारातनं आत बघतच मोठा झालोय मी!"

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"मी का सांगू? चुगली करू तुझी? बायको पोटुशी हुती तुझी, कायम व्हायचा हुतास. म्हणलं, सांगंल आपणहून. आज सांगंल, उद्या सांगंल. रोज फाटकाकडं बघायचो. तू आलास का, आणि तेबी हळू आवाजात, एकट्याला गाठून." ते पुन्हा स्टुलावर बसले. निराळ्याच आवाजात म्हणाले, "आमचा बा गावाचं पडंल ते काम करायचा. मेलेलं ढोर वढण्यापासनं सांगावा पोचवण्यापर्यंत. सत्तर वर्षांचा झाला तरी शेंबडी पोरं त्याला म्हणायची, 'ए धोंड्या'. त्याला कुणी एकदा 'आवं' म्हणलेलं मी ऐकलं न्हाई. त्यो बी कुणाला कधी काय म्हणला न्हाई. गप राबायचा. मिलिट्रीत माझ्या हातात पयल्यांदा वायरलेस दिला, तवा त्याच्याकडं बघून मला बा आठवला. म्हणलं, जे गप राबतं त्याला आपण तरी मानानं बोलवायचं. माणसास्नी काय, मान पायजे तर मागून घेत्यात."

पुढचा ट्रॅक्टर आला, तो त्यांनी हातानंच खूण करून आत सोडला.

"त्या मांडवात," ते म्हणाले, "ती हाक ऐकली तवा मला वाटलं आमच्या बालाच बोलवायलेत. तीच चावडी. माझ्या कानात माफी मागून काय उपेग, पवार? ज्यांनी ऐकलं, त्यास्नी सांग. सांगायचं आसंल तर."

फेब्रुवारीत त्याच गावात पुन्हा मेळावा ठरला. पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी त्याची अडचण नको. मला मेमो मिळाला, वेतनवाढ वर्षभर थांबली. आईला हे कळल्यावर तिनं पुढच्या नवरात्रात खिडकीला स्वतः फळी ठोकून घेतली. माने साहेब माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत, पण वाघमाऱ्यांना हंगाम संपल्यावर यंत्रखोलीत परत घ्यावं लागलं, कारण फाटकावर ते ट्रेलर कमी करायला लावून रांग अडवून धरायला लागले होते. आणि मला ते शेवटपर्यंत 'तू'च म्हणत राहिले.

मेळाव्याच्या दिवशी रविवार होता. वाघमाऱ्यांची सुट्टी. मांडवात येऊन बसले नव्हते, पण चावडीच्या भिंतीला टेकून, लांब, इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते. माने साहेबांनी माईक घेतला आणि सुरुवात केली, "मागच्या खेपेला जो पडदा बिघडवला होता, तो आमच्या पवारांनी..."

मी पुढं झालो. साहेबांच्या हातातून माईक घेतला. घेतला म्हणजे जवळजवळ ओढलाच. माझाच श्वास कर्ण्यातून ऐकू येत होता. मांडवाकडं बघितलं असतं तर धीर सुटला असता, म्हणून भिंतीकडं बघून बोललो.

"वाघमारे, हा पडदा मी बिघडवला. तो हापसाही नव्हता आणि भूतही नव्हतं. माझ्या घरच्या घटापुढं मी लॅपटॉप नऊ दिवस चालू ठेवला होता, त्यातली ती समई होती. तुम्ही काढलेल्या स्क्रूंनी काही बिघडलं नाही, उलट आधीचं दुखणं बरं झालं होतं. हाही पडदा बरा झाला तो तुम्ही सांगितलेल्या उपायानं. इथंच साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, नोकरीसाठी बोललो, आणि तुमच्या गावापुढं तुम्हाला ती हाक ऐकायला लावली. नंतर तीन महिने रोज संधी होती, तरी गप्प बसलो. ही चूक माझी आहे, सगळी माझी आहे. मी तुमची माफी मागतो."